घरच्या टाकीतली चिलापी : एका तयार संचाचे परीक्षण

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी घरगुती मत्स्यपालनाचा एक तयार संच विकत घेतला आणि आषाढ सरण्याच्या आत त्यातला शेवटचा मासा आमच्या ताटात पडला. जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ तारखेपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बाजारात बर्फातला जुना माल चढ्या भावाने येतो, आणि त्यानंतर लगेच श्रावण लागतो. या अडचणीच्या दिवसांत घरचा ताजा मासा खाता यावा, एवढाच माझा हेतू होता. व्यवसाय करायचा नव्हता. संच विकणाऱ्यांच्या जाहिरातीतही नेमके हेच आश्वासन होते : ‘सहा महिन्यांत घरच्या घरी तीस किलो मासे.’ मला साडेसात महिने लागले आणि सुमारे दहा किलो मासे मिळाले. हा फरक कशामुळे पडला, त्यात संचाचा दोष किती आणि माझा किती, हे पुढच्या खरेदीदाराला कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. तीच ताडपत्री, तोच पंप आणि तीच माहितीपुस्तिका असलेला संच मला स्वतःला तीन निरनिराळ्या नावांखाली दिसला आहे; तेव्हा नावापेक्षा वस्तूचे गुणदोष सांगणेच उपयोगाचे ठरेल.

१९,५०० रुपयांत मला मिळाले ते असे : लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसणारी, चार फूट व्यासाची, एक हजार लिटरची ताडपत्रीची गोल टाकी, ४५ वॉटचा एअर पंप आणि हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे चार एअर स्टोन, १८ वॉटचा पाण्यात बुडणारा पंप, साठ लिटरच्या निळ्या पिंपात बसवलेली गाळणी, तिच्यात स्पंजाचे दोन थर आणि वीस लिटर जाळीदार प्लास्टिकच्या चकत्या, अमोनिया, नायट्राइट आणि सामू (पाण्याचा पीएच) तपासण्याच्या थेंबांच्या बाटल्या, दहा किलो तरंगते खाद्य, आणि ‘सर्व नर, गिफ्ट जातीची’ म्हणून चिलापीची, म्हणजे तिलापियाची, साठ बोटुकली (बोटाएवढी पिल्ले). जोडणी करून देण्यासाठी एक तरुण कारागीर आला. त्याने दोन तासांत सगळे उभे केले, गळती तपासली, नळ्यांची टोके घासून गुळगुळीत केली आणि जाताना स्वतः झाडूही मारला. संचाबरोबरच्या सेवेतला हा भाग निर्दोष होता. ताडपत्रीही चांगली जाड निघाली, कोपऱ्यातला वेल्डिंगचा जोड साडेसात महिन्यांत कुठेही सुटलेला नाही, आणि उन्हात राहूनही रंग फारसा उडालेला नाही.

आता टाकी ठेवायची कुठे, हा प्रश्न. मुंबईत हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून पुस्तिकेत त्याबद्दल एक अक्षरही नाही. आम्ही भांडुपला तळमजल्यावर राहतो आणि मागच्या बाजूला फरशी घातलेले, जमिनीवरचेच छोटे परस आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु विक्रेत्याच्या दुकानात माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ सातव्या मजल्यावरच्या गॅलरीसाठी हीच टाकी घेत होते, आणि विक्रेता त्यांना ‘काका, गॅलरीत वॉशिंग मशीन राहते, मग टाकी का नाही राहणार?’ असे समजावत होता. हिशेब साधा आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. चार फूट व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १.१७ चौरस मीटर भरते, म्हणजे दर चौरस मीटरवर साडेआठशे किलोंचा भार पडतो, आणि तोही चोवीस तास, महिनोन्‌महिने. राहत्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार गृहीत धरून बांधलेला असतो आणि गॅलरीसाठी तीनशेच्या आसपास. त्यातून गॅलरी एका बाजूने भिंतीत अडकलेली आणि तीन बाजूंनी अधांतरी असते. इमारत चाळीस-पन्नास वर्षांची असेल तर आतल्या सळयांची काय अवस्था आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय वरच्या मजल्यावर ही टाकी भरू नये, असे मी त्या गृहस्थांना तिथेच सांगितले. विक्रेत्याला ते आवडले नाही. गच्चीचा विचार करणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावे, आणि सोसायटीच्या समितीची परवानगी आधी घ्यावी. आम्हाला ती मिळाली, पण डास होऊ देणार नाही आणि सांडपाणी रस्त्यावर सोडणार नाही अशा दोन अटींवर.

यानंतरचा मोठा दोष पुस्तिकेचा, आणि माझे सर्वाधिक मासे त्या दोषामुळेच गेले. तिच्यात लिहिले आहे की टाकी भरावी, सोबतची ‘जिवाणूंची पावडर’ टाकावी आणि तिसऱ्या दिवशी बोटुकली सोडावीत. मी तसेच केले. वास्तविक माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया पाण्यात उतरत असतो; तो खाऊन नायट्राइट बनवणारे जिवाणू आणि त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे दुसरे जिवाणू गाळणीतल्या चकत्यांवर वसायला चार ते सहा आठवडे घेतात. त्यातही पहिली वसाहत लवकर जमते आणि दुसरी मागाहून येते, त्यामुळे मधल्या काळात नायट्राइट साचतच जाते. माझ्याकडे आठव्या दिवशी अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम झाला, आणि डिसेंबरच्या अखेरीस नायट्राइटच्या तपासणीचा रंग पट्टीवरच्या सर्वांत गडद चौकोनापर्यंत पोहोचला. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले. एअर पंप तर व्यवस्थित चालू होता, पाण्यात बुडबुडे भरपूर होते, मग हे गुदमरतात कशाने, हे कळेना. एक मेलेला मासा उचलून कल्ला उघडून पाहिला, तर तो लालऐवजी काथ्यासारखा तपकिरी. नायट्राइट रक्तात शिरले की हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, त्यामुळे भोवती प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘अजून एक पाकीट पावडर टाका’ असे उत्तर मिळाले. माझ्या भाचीने मत्स्यशास्त्राचे शिक्षण घेतले आहे; तिने स्वयंपाकघरातले मीठ टाकायला सांगितले. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे पूर्ण टाकीला एक किलो, तेही थोडे थोडे विरघळवून. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. त्याबरोबर खाद्य तीन दिवस पूर्ण बंद केले आणि दररोज दीडशे लिटर पाणी बदलले. तिसऱ्या दिवसापासून मरतूक थांबली. तोवर साठांपैकी अठरा गेली होती. दहा-बारा रुपयांच्या मिठाची ही माहिती १९,५०० रुपयांच्या संचासोबत कोणी दिली नाही, याचा राग मला अजूनही आहे. नव्याने घेणाऱ्याने टाकी भरून, पंप चालू करून, माशांशिवायच रोज चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू द्यावे, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चढून पुन्हा शून्यावर येईपर्यंत थांबावे, आणि मगच बोटुकली मागवावीत. विक्रेता ती संचाबरोबरच घ्यायचा आग्रह धरील. त्याला ठाम नकार द्यावा.

पाण्याबद्दल मुंबईकरांपुरते काही सांगण्यासारखे आहे. आपल्याला तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांचे पावसाचे पाणी मिळते, आणि शुद्धीकरणानंतर त्यात क्लोरीन मिसळलेला असतो. माणसाला तो हितकारक, माशांच्या कल्ल्यांना आणि गाळणीतल्या जिवाणूंना मात्र घातक. पालिकेचे पाणी आमच्याकडे पहाटे येते. ते मी दोनशे लिटरच्या पिंपात भरून, त्यात एक एअर स्टोन सोडून, दुसऱ्या दिवशी वापरत असे. घाईच्या वेळी सोडियम थायोसल्फेटचे खडे कामी येतात आणि ते शोभेच्या माशांच्या कोणत्याही दुकानात मिळतात. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तलावांचे हे पाणी मृदू असते, म्हणजे आम्लता झेलून घेणारे क्षार त्यात कमी असतात. अमोनियाचे नायट्रेट होताना हे क्षार सतत खर्ची पडतात. दर ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतके. फेब्रुवारीत माझ्या टाकीचा सामू साडेसातवरून हळूहळू ६.२ वर उतरला आणि थंडावलेले जिवाणू काम सोडू लागले. खाण्याचा सोडा पन्नास-पन्नास ग्रॅम घालून तो सावरला. सोडा घालताना मात्र हात आखडता ठेवावा लागतो, कारण सामू एका अंकाने वाढला की त्याच अमोनियातला विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. कायमचा उपाय आमच्या मासेवाल्या मावशींकडून फुकट मिळाला. तिसऱ्यांचे शिंपले त्या टाकूनच देतात. ते उकळून, धुऊन, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून गाळणीत ठेवले. पाणी आम्ल होऊ लागले की शिंपला आपोआप विरघळतो. त्यानंतर सामू सातच्या खाली गेला नाही. आपले शिंपले गोड्या पाण्यातल्या माशासाठी चालले आहेत हे कळल्यावर मावशींनी केलेला चेहरा पाहण्यासारखा होता.

गाळणीचा आकार हा संचातला तांत्रिक दोष मानावा लागेल, कारण तीस किलोंचे आश्वासन त्याच्याशी जुळतच नाही. तीस टक्के प्रथिने असलेल्या शंभर ग्रॅम खाद्यातून सरासरी पावणेतीन ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन बाहेर पडतो. तीस किलो माशांना दोन टक्क्यांच्या हिशेबाने रोज सहाशे ग्रॅम खाद्य लागेल, म्हणजे साडेसोळा ग्रॅम अमोनिया. वीस लिटर चकत्यांवर जिवाणूंना बसायला जेवढी जागा मिळते, तेवढ्यात फार तर चार-पाच ग्रॅमांचा निचरा होतो. माझे मासे दहा किलोंच्या जवळ पोहोचले आणि रोजचे खाद्य दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम झाले, तेव्हा गाळणी अगदी काठावर होती. एक दिवस जरी जास्त खाद्य पडले तरी दुसऱ्या सकाळी तपासणीचा रंग हिरवा होई, म्हणजे अमोनिया वाढलेला असे. यापेक्षा तिप्पट माशांची गोष्ट फक्त जाहिरातीत होऊ शकते. त्यात विष्ठा आणि गाळ खाली बसून बाहेर निघण्यासाठी वेगळी सोय नाही. टाकीची तोटी तळाच्या मध्यभागी असायला हवी, म्हणजे पाणी गोल फिरले की गाळ मधोमध जमून तिथूनच निघून जातो. इथे ती कडेला आहे. परिणामी सगळा गाळ गाळणीच्या स्पंजात जातो आणि दर तिसऱ्या दिवशी तो पिळावा लागतो. मी शेवटी एक जुने पिंप मधे जोडून गाळ बसवण्याची सोय केली, तेव्हा कुठे स्पंज आठवडाभर टिकू लागला. पिळलेले पाणी कढीपत्त्याला आणि अळूला घातले. अळूची पाने यंदा सुपाएवढी झाली, हे संचाच्या जमेच्या बाजूला लिहायला हरकत नाही.

याच विक्रेत्याने ‘बायोफ्लॉक’ नावाचा दुसरा, दोन हजारांनी महाग संचही दाखवला होता. त्यात गाळणी नसते. पाण्यात गूळ किंवा मळी घालून जिवाणूंचे तरंगते पुंजके वाढवतात, ते अमोनिया खातात आणि मासे त्या पुंजक्यांना खातात. तत्त्व खरे आहे, पण हवा जराही कमी पडून चालत नाही आणि पाणी कायम गढूळ दिसते. घरच्यांसाठी मला तो पर्याय योग्य वाटला नाही.

एअर पंपाविषयी संमिश्र मत आहे. साडेसात महिने तो एकदाही बंद पडला नाही. आवाज मात्र रात्री शयनगृहात ऐकू येतो. खाली जाड रबराचा तुकडा घातल्यावर तो निम्मा झाला. पंप जमिनीवर ठेवायचा आणि पाण्याची पातळी त्याच्या वर असायची, अशी रचना असताना नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दिलेला नाही, ही अक्षम्य चूक आहे. वीज गेली की टाकीतले पाणी नळीवाटे उलटे पंपात शिरते आणि वीज आल्यावर पंप जळतो. कारागिराने जाताना हळूच सांगितले म्हणून मी पंधरा रुपयांचा व्हॉल्व्ह बसवून घेतला. मुंबईत वीज सहसा जात नाही, हे खरे. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सारी मुंबई तासन्‌तास अंधारात होती, हेही आपण पाहिले आहे. दहा किलो मासे असलेल्या हजार लिटर पाण्यातला प्राणवायू हवा बंद पडल्यावर तास-दीड तासात धोक्याच्या पातळीवर येतो. चिलापी इतर माशांपेक्षा जास्त सोसते, काही वेळ वर येऊन तगही धरते, परंतु तिच्या सोशिकपणाच्या भरवशावर रात्री झोपणे बरे नव्हे. मी १,४०० रुपयांचा, वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप वेगळा घेतला. जूनच्या पहिल्या वादळी पावसात तो दोनदा उपयोगी पडला.

जाळीही संचात नाही. पहिल्याच महिन्यात दोन मासे रात्री उडी मारून फरशीवर पडले आणि सकाळी मुंग्यांनी ते आम्हाला दाखवले. पुढे कावळे आणि एक बोका यांचाही रस वाढला. नारळाच्या झाडाखाली बांधतात तशी नायलॉनची जाळी ताणून बांधली. डासांच्या अळ्या मात्र टाकीत कधीच झाल्या नाहीत, कारण मासे त्या खाऊन टाकतात. चिंता करायची ती शेजारच्या साठवणीच्या पिंपाची. पावसाळ्यात पालिकेच्या कीटकनाशक खात्याचे कर्मचारी घरोघरी साठलेले पाणी तपासतात, तेव्हा ते पिंप घट्ट कापडाने झाकलेले असले पाहिजे.

आता बोटुकल्यांविषयी, या बाबतीत माझी सरळसरळ फसवणूक झाली. चिलापीला आपल्या राज्यात उजनीच्या काठी सगळे ओळखतात, आणि पवईच्या तलावातही ती आहे. पण तिथे वर्षानुवर्षे रुजलेली जात आणि पालनासाठी सुधारलेली जात यांत मोठा फरक आहे. रुजलेली जात म्हणजे मोझांबिक तिलापिया; ती १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्ले दोन-तीन महिन्यांतच वयात येतात, आणि मग सगळी शक्ती वाढीऐवजी वंश वाढवण्यात जाते. तळे खुज्या माशांनी भरून जाते आणि स्थानिक मासे मागे पडतात. म्हणूनच १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जीवांच्या यादीतही ती आहे. गिफ्ट ही सुधारित जात नाइल तिलापियाची. तिच्या निवड-पैदाशीचे काम १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाले, आणि भारतात राजीव गांधी जलकृषी केंद्राने विजयवाड्याजवळ तिचे बीज तयार करण्याचे काम हाती घेतले. पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेले खाद्य देऊन जवळपास सगळी नर केली जातात. नर लवकर वाढतात आणि टाकीत पिल्लावळ होत नाही. व्यापारी पालनासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि मान्यताप्राप्त ठिकाणचेच बीज वापरावे लागते. संचाच्या पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. घरापुरते पाळणाऱ्यानेही विभागाकडे एकदा विचारून घेणे आणि बीज कुठून आले याची पावती मागणे शहाणपणाचे.

माझ्याकडे एप्रिलमध्ये एका माशाने खाणे सोडले. हनुवटीखाली फुगवटा, तोंड घट्ट मिटलेले. आजार समजून मी तिला वेगळ्या टबात ठेवले. दहा-बारा दिवसांनी सकाळी पाहतो, तर तिच्याभोवती तांदळाच्या कण्यांएवढी शेकडो पिल्ले, आणि मी जवळ जाताच ती सगळी तिच्या तोंडात शिरली. दृश्य इतके विलक्षण होते की घरातले सगळे तिथे जमले. विक्रेत्यावरचा राग थोडा वेळ बाजूला राहिला. पुढे मासे कापताना मोजले, तेव्हा अडतीसपैकी चौदा माद्या निघाल्या. शंभरात चार-पाच माद्या निघणे मी समजू शकतो. इथे तिसऱ्या हिश्शाहून जास्त होत्या. शिवाय गिफ्टच्या शेपटीवर ओळीने उभे पट्टे दिसतात, ते निम्म्याअधिक माशांच्या शेपटीवर नव्हतेच. कुठल्या तरी तळ्यातले मिश्र बीज गोळा करून पाठवले होते, हे उघड आहे. मी छायाचित्रांसह कळवल्यावर विक्रेत्याने पुढच्या खेपेला तीस बोटुकली फुकट देण्याची तयारी दाखवली. मी ती नाकारली. टबात जन्मलेली ती पिल्ले मी कुठेही सोडली नाहीत, हेही सांगतो. नाल्यात किंवा पवईत सोडण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. तो कोणीही पाळू नये. ती मोठ्या माशांचे खाद्य झाली.

वाढीचा वेग थंडीत फारच मंद होता. मुंबईची थंडी ती काय, असे आपण म्हणतो, पण जानेवारीत पहाटे टाकीचे पाणी २१ अंशांपर्यंत उतरत होते आणि चिलापीला २७ ते ३० अंश मानवतात. त्याखाली तिची भूक मंदावते. मार्चपासून मासे अक्षरशः खाद्यावर तुटून पडू लागले. संचातले खाद्य चांगल्या प्रतीचे होते : तरंगत राहते, पाण्यात लगेच विरत नाही, आणि किती खाल्ले हे डोळ्यांना दिसते. दहा मिनिटांत संपेल तेवढेच द्यायचे, हा पुस्तिकेतला एकमेव उपयुक्त नियम. एकूण सतरा किलो खाद्य गेले आणि सुमारे दहा किलो मासे मिळाले, सरासरी एकेक २६० ग्रॅमचा. दर किलोमागे १.७ किलो खाद्य, हे प्रमाण घरगुती टाकीसाठी मला समाधानकारक वाटते, कारण कुशल पालकही दीडच्या आसपासच असतात.

पैशांचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. दोन्ही पंप मिळून ६३ वॉट, दिवसाला दीड युनिट, साडेसात महिन्यांत सुमारे ३४० युनिट. माझ्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने हे साडेतीन हजारांच्या घरात जाते. वरचे सात किलो खाद्य, मीठ, सोडा आणि तपासणीचे थेंब यांचे दीड हजार. म्हणजे संचाची किंमत सोडून किलोला पाचशे रुपये पडले, आणि संच पाच वर्षे चालेल असे धरून त्याचा वाटा मिळवला तर नऊशेच्या जवळ. हीच चिलापी बाजारात याच्या पाव किमतीतही मिळते. पैसे वाचवण्यासाठी कोणी हा संच घेणार असेल तर त्याने तो घेऊ नये.

चवीबद्दल आमच्या घरात दोन मते पडली. आम्ही समुद्राच्या माशांवर वाढलेली माणसे. गोड्या पाण्याचा मासा म्हटला की मातकट वासाची धास्ती. हा वास पाण्यातल्या काही सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि तो माशाच्या चरबीत मुरतो. कापण्याआधी मासे चार दिवस स्वच्छ पाण्याच्या टबात, हवा चालू ठेवून, उपाशी ठेवले की तो बराच उतरतो. पहिल्या खेपेला मी घाई करून एकच दिवस ठेवले आणि ती आमटी कोणी संपवली नाही. पुढच्या वेळी पूर्ण चार दिवस ठेवले, बर्फाच्या पाण्यात घालून मारले, लगेच साफ केले, हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचे आगळ लावून तासभर ठेवले, आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून तव्यावर कुरकुरीत तळले. पांढरे, घट्ट, काटा कमी असलेले मांस; वास अजिबात नाही. पत्नीचे म्हणणे असे की बांगड्याची सर नाही, पण जुलैत बाजारातून आणलेल्या बर्फातल्या पापलेटपेक्षा शंभर पटीने ताजे. मुलाने पुन्हा मागून घेतले. कालवणासाठी मात्र हा मासा फिका पडतो; तळण्यासाठीच ठेवावा.

पूर्ण संच घेण्याची शिफारस मी करणार नाही. टाकी, सांगाडा आणि एअर पंप विक्रेते सुटेही देतात, त्याला सुमारे ११,००० रुपये पडतात आणि तेवढे पैसे वसूल होतात. गाळणी स्वतः दोन पिंपांची करावी, चकत्या किमान दुप्पट घ्याव्यात, व्हॉल्व्ह, जाळी आणि बॅटरीचा पंप पहिल्या दिवशीच बसवावा. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसारखी जाणती संस्था याच शहरात आहे. पुस्तिकेऐवजी तिथल्या जाणकारांचा सल्ला मिळवण्याचा प्रयत्न करावा. आणि साठ बोटुकल्यांऐवजी तीस-पस्तीसच सोडावीत.

सध्या माझ्या टाकीत एकही मासा नाही. तरीही दोन्ही पंप चालू आहेत आणि मी रोज सकाळी चमचाभर खाद्य पाण्यात टाकतो, कारण चकत्यांवरचे जिवाणू उपाशी राहिले तर पुन्हा डिसेंबरसारखी वेळ येईल. नवी बोटुकली दिवाळीनंतर ऐवजी यंदा गणपती झाल्याबरोबर, थंडीच्या आधी सोडणार आहे. बीज कुठल्या केंद्रातून येणार, हे मी लेखी मागितले असून पावती हातात आल्यावरच पैसे देईन.